ग्राइंडिंगची ओढ आणि चीड : कष्टाचा हिशोब नेमका कुठे बिघडतो?

संत्रानगरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या आमच्या नागपूरच्या गटात एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. समोरासमोर तो कधीच पुरा होत नाही, कारण कोणाला तरी घरी जायची घाई असते; म्हणून तो इथे सविस्तर मांडतो आहे. एकच खाण खणत, एकच गुहा पुन्हा पुन्हा साफ करत अनुभवगुण, सोने किंवा एखादी दुर्मीळ वस्तू गोळा करत राहणे, म्हणजेच ग्राइंडिंग, हा या खेळांचा प्राण आहे की रोग?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की तेच ते दळण दळून माणूस कंटाळणारच आणि त्यातूनच त्याची चिडचिड होत असणार. मला हे पटत नाही. १९९७ साली अल्टिमा ऑनलाइन आला, १९९९ साली एव्हरक्वेस्ट आला. एव्हरक्वेस्टमध्ये तर पात्र मेले की मिळवलेले अनुभवगुण कमी होत, प्रसंगी पातळीही खाली घसरे आणि अंगावरचे सामान मिळवण्यासाठी स्वतःच्या प्रेतापर्यंत पुन्हा चालत जावे लागे. एखादा दुर्मीळ राक्षस उगवण्याची वाट पाहत लोक तासन्‌तास एका कोपऱ्यात ठाण मांडून बसत. इतके हाल असूनही लोक टिकले. कंटाळा हेच चिडीचे मूळ असते, तर हा खेळप्रकार तेव्हाच संपला असता आणि २००४ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट काढण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.

ओढ कशाची, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्या शहरातल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलांशी बोलावे. चार वर्षे अभ्यास करूनही जाहिरात कधी निघेल, जागा किती असतील, परीक्षा पुढे ढकलली जाईल का, यांतले काहीच त्यांच्या हातात नसते. गेममध्ये मात्र एक राक्षस मारला की अनुभवगुण दाखवणारी पट्टी एवढीशी का होईना पुढे सरकते. ती कोणाच्या मर्जीने सरकत नाही आणि एकदा सरकली की तुमची झाली. केलेल्या कामाचे फळ ताबडतोब आणि ठरलेल्या मापाने मिळते, हे सुख आयुष्यात फार थोड्या ठिकाणी मिळते. त्याला पळवाट म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

चीड येते ती या मापात कोणीतरी हात घातला म्हणजे. अलीकडच्या खेळांतली रोजची कामे पाहा. आज केली तरच बक्षीस, उद्या दुप्पट केली तरी आजचे गेले ते गेलेच. रविवारी दिवसभर मोकळा असलेला माणूस दिवसभर खेळून पुढे जाऊ शकत नाही आणि परीक्षेच्या आठवड्यात चार दिवस बाजूला झालेला माणूस कायमचा मागे पडतो. पूर्वी कष्ट किती करायचे हे खेळाडू ठरवत असे, आता ते कंपनीचे घड्याळ ठरवते. वस्तू मिळण्यातली निव्वळ नशिबाची बाजू आणि पैसे भरून पुढे जाण्याची सोय हे आणखी दोन मार्ग, पण त्यांवर इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितील, अशी अपेक्षा आहे.

आपापला अनुभव आणि मतभेद दोन्ही अवश्य मांडावेत.


जुना_कॅफेकर

उत्तम विषय. मी रूनस्केपचा माणूस. २००१ साली सुरू झालेला हा गेम ब्राउझरमध्ये जावाच्या आधारावर चालत असे, त्यामुळे सीताबर्डीच्या सायबर कॅफेतल्या जुन्यापुराण्या संगणकांवरही तो विनातक्रार चाले. ग्राफिक्स कार्ड लागत नसे, काही उतरवून घ्यावे लागत नसे. पुढे घरी बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले तेव्हा रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोजला जात नसे आणि आमच्या पिढीतल्या अनेकांचे पहाटेचे खेळणे त्या सहा तासांत बसवलेले होते.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लाकूडतोडीचे काम जरा जवळून सांगतो. ड्रेनॉर नावाच्या गावात बँकेच्या अगदी शेजारी पाण्याच्या काठाने विलोची झाडे आहेत. झाडावर क्लिक केले की पात्र कुऱ्हाड चालवू लागते. एक ओंडका पडला की ६७.५ गुण मिळतात. थैलीला २८ खण असतात. ते भरले की बँकेत जायचे, ओंडके ठेवायचे आणि परत झाडाशी यायचे. बस, एवढेच. मधल्या वेळात उठून कूलरमध्ये पाणी भरून यावे, शेजारच्या संगणकावरच्या मित्राशी बोलावे, आणि परत येऊन पाहावे तर गुण वाढलेले.

आता मापाबद्दल. दुसरी पातळी ८३ गुणांना मिळते. शेवटची, म्हणजे ९९ वी पातळी १,३०,३४,४३१ गुणांना मिळते. ९२ वी पातळी ६५,१७,२५३ गुणांना येते, म्हणजे ९२ ला पोहोचलेला खेळाडू जेमतेम अर्ध्या वाटेवर असतो. ६० व्या पातळीपासून पुढे फक्त यू जातीची झाडे तोडली, तर दर ओंडक्याला १७५ गुणांप्रमाणे ९९ पर्यंत ७२,९०० हून अधिक ओंडके लागतात. हा आकडा ऐकून लोक डोक्याला हात लावतात, परंतु आम्हाला त्याचा राग कधी आला नाही, कारण तो पहिल्या दिवसापासून उघड होता आणि सगळ्यांना सारखा होता.

धागाकर्त्यांच्या म्हणण्याला पुष्टी देणाऱ्या दोन गोष्टी या गेमच्या इतिहासातच आहेत. २०१२ साली मुख्य गेममध्ये नशिबाचे चाक आले आणि त्याच्या फेऱ्या पैशाने विकत घेऊन गुण मिळवता येऊ लागले. जुन्या खेळाडूंचा संताप तेव्हा मी मंचांवर वाचला आहे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, खेळाडूंच्या मतदानानंतर ऑगस्ट २००७ ची जतन करून ठेवलेली आवृत्ती ओल्ड स्कूल रूनस्केप म्हणून पुन्हा सुरू झाली. लोकांनी जास्त कष्टाचा गेम परत मागितला होता. दुसरी गोष्ट २०१४ ची : त्यात आयर्नमॅन नावाचा प्रकार आला. तो निवडणाऱ्या खेळाडूला इतरांशी देवाणघेवाण करता येत नाही, कुऱ्हाडीपासून जेवणापर्यंत सगळे स्वतःच मिळवावे लागते. त्यासाठी कोणी सक्ती करत नाही, तरीही असंख्य लोक स्वतःहून तो मार्ग घेतात. कष्टच नकोसे असते, तर हे घडलेच नसते.


त्रैराशिक

नशिबाच्या बाजूबद्दल लिहितो, कारण या बाबतीत खेळाडूंच्या मनात मोठा गैरसमज असतो आणि त्यातून होणारा मनस्ताप पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखा आहे.

एखादी वस्तू मिळण्याची शक्यता १ टक्का आहे, असे म्हटले की बहुतेकांना वाटते की शंभर वेळा केले म्हणजे ती मिळणारच. प्रत्यक्षात शंभर प्रयत्नांनंतरही ती न मिळण्याची शक्यता सुमारे ३६.६ टक्के उरते, म्हणजे दर तीन खेळाडूंमागे एकाहून थोडे अधिक रिकाम्या हातानेच असतात. ९० टक्के खात्री हवी असेल तर २३० प्रयत्न लागतात आणि ९९ टक्के खात्रीसाठी ४५९. शिवाय प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र असतो. चारशे वेळा अपयश आले म्हणून चारशे एकाव्या वेळी शक्यता वाढत नाही. तुमचे आधीचे कष्ट त्या यंत्रणेला ठाऊकच नसतात.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला इन्व्हिन्सिबल नावाचा घोडा घ्या. लिच किंग नावाच्या बलाढ्य शत्रूला सर्वांत अवघड पातळीवर हरवल्यावर तो मिळण्याची शक्यता खेळाडू सुमारे १ टक्का धरतात आणि एका पात्राला आठवड्यातून एकच संधी मिळते. म्हणजे एका पात्राने दर आठवड्याला न चुकता प्रयत्न केला तरी ९० टक्के खात्रीपर्यंत पोहोचायला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. कॅफेकरांच्या ७२,९०० ओंडक्यांपेक्षा हे काम हाताला कितीतरी हलके आहे, लढाई काही मिनिटांत संपते. तरीही लोक याच घोड्यापायी अधिक रडकुंडीला आलेले मी पाहिले आहेत. ओंडक्यांच्या बाबतीत अर्धे काम झाले की अर्धे उरते. घोड्याच्या बाबतीत तीन वर्षांनंतरही सगळेच्या सगळे उरलेले असते.

दुसरे उदाहरण गेन्शिन इम्पॅक्टचे. तिथे एका गुहेतून दोन संचांच्या वस्तू मिळतात, प्रत्येक संचात पाच प्रकार असतात आणि हव्या त्या मूलतत्त्वाचे बळ देणारा प्याला निघण्याची शक्यता, प्याला मिळाल्यावरही, ५ टक्के असते. निम्मे गुणिले एक पंचमांश गुणिले ५ टक्के, म्हणजे दोनशे वस्तूंत सरासरी एक. एका फेरीला २० रेझिन, म्हणजे आपोआप भरत राहणारी गेममधली ऊर्जा, लागते आणि रेझिन आठ मिनिटांना एक या वेगाने भरते, म्हणजे दिवसाला १८०, म्हणजे नऊ फेऱ्या. फेरीला एक वस्तू धरली तर तीन आठवड्यांत सरासरी एक असा प्याला हाती येतो. त्याचे दुय्यम गुण चांगले निघतील की नाही, हा हिशोब अजून सुरूच झालेला नसतो.

किती वेळा केल्यावर फळ मिळेल हे ठाऊक नसले की प्राणी कृती अधिक चिवटपणे करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले. फर्स्टर यांच्यासह लिहिलेला त्यांचा त्यावरचा ग्रंथ १९५७ चा आहे. गेम बनवणाऱ्यांना हे उत्तम ठाऊक आहे. म्हणून धागाकर्त्यांच्या मांडणीत मी एक भर घालतो : नशिबावर चालणारे ग्राइंडिंग चीडही अधिक आणते आणि धरूनही अधिक ठेवते. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.


मिहानचा_कोडकार

त्रैराशिक यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मी गेम बनवत नाही, सॉफ्टवेअर बनवतो, पण रचनेच्या बाजूने एक किस्सा सांगावासा वाटतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट चाचणी अवस्थेत असताना बराच वेळ सलग खेळल्यावर पात्र दमत असे आणि राक्षस मारून मिळणारे अनुभवगुण निम्मे होत. हेतू चांगला होता, लोकांनी अधूनमधून विश्रांती घ्यावी. पण खेळाडू भयंकर चिडले. मग रचनाकारांनी आकडे जवळपास तेच ठेवून मांडणी उलटी केली : नेहमीचे गुण म्हणजे शंभर टक्के, आणि खानावळीत विश्रांती घेऊन आलेल्या पात्राला काही काळ दोनशे टक्के. लोक खूश झाले.

धागाकर्ते म्हणतात की मापात हात घातला की चीड येते. या उदाहरणात खेळाडूला मिळणारे फळ फारसे बदललेच नाही. बदलले ते एवढेच, की आपल्या हक्काचे काढून घेतले जाते आहे ही भावना गेली. त्यामुळे हिशोब प्रत्यक्षात सरळ असण्याइतकेच तो खेळाडूला सरळ दिसणेही महत्त्वाचे आहे, आणि रचनाकाराच्या हाती असलेली ही फार मोठी ताकद आहे. ती चांगल्यासाठीही वापरता येते.


पगारदार_गेमर

मी इथल्या सूराशी सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहितो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०१४ साली ६० डॉलर भरून पात्र थेट ९० व्या पातळीवर नेण्याची सोय दिली, तेव्हा मंचांवर बराच गदारोळ झाला होता. माझ्यासारख्या माणसाचा विचार त्यात कोणी केला? सकाळी मुलीला शाळेत सोडायचे, दिवसभर नोकरी, संध्याकाळी आईवडिलांची औषधे, आणि रात्री दहानंतर मिळाला तर एक तास. माझे महाविद्यालयातले मित्र वरच्या पातळीवर एकत्र खेळत आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मला तीन महिने एकट्याने रानडुकरे मारावी लागणार असतील, तर तो माझ्या कष्टांचा सन्मान आहे, असे मला वाटत नाही. विद्यार्थ्याकडे वेळ असतो, माझ्याकडे थोडा पैसा असतो. दोन्ही कमावलेलेच आहेत.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचेच कष्ट खरे, असे ठरवून टाकले तर हे गेम विशीतल्या मुलांपुरते उरतील.


संत्रानगरीकर (धागाकर्ता)

पगारदार_गेमर, तुमचा मुद्दा मला पूर्ण समजतो आणि मित्रांपर्यंत पोहोचण्याची तळमळ ही या गेमची सर्वांत सुंदर बाजू आहे, यात शंका नाही. माझा आक्षेप तुमच्या पैसे भरण्याला नाही. माझा आक्षेप असा आहे की एकदा वाट वगळण्याची किंमत ठरली, की ती वाट मुद्दाम लांब ठेवण्यात कंपनीचा फायदा होऊ लागतो. मग रानडुकरे गेमच्या गरजेपोटी आहेत की विक्रीच्या, हे ओळखायचे कसे? तुमची अडचण दूर करण्याचा एक मार्ग गेममध्येच असू शकतो. काही गेममध्ये वरच्या पातळीचा खेळाडू खालच्या मित्राबरोबर गेला की त्याची ताकद त्या गुहेपुरती आपोआप खाली आणली जाते आणि दोघांनाही बक्षीस मिळते. फायनल फँटसी १४ हे अनेक वर्षे करतो आहे. तिथे जुन्या गुहा ओस पडत नाहीत आणि नवख्याला तीन महिने एकटे राहावे लागत नाही.


बाराचा_ठोका

एवढ्या चर्चेत गिल्डचा, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्या गटाचा, उल्लेख आला नाही, याचे आश्चर्य वाटले. मी युरोपातल्या सर्व्हरवर खेळते. आमची रेड, म्हणजे बलाढ्य राक्षसावर (बॉसवर) सगळ्यांनी मिळून केलेली चढाई, तिथल्या रात्री आठला सुरू होते, म्हणजे हिवाळ्यात नागपुरात रात्रीचे साडेबारा आणि त्यांचे घड्याळ पुढे गेले की उन्हाळ्यात साडेअकरा. मी बरे करणारी पुरोहित आहे आणि रेडच्या आधी सगळ्यांसाठी काढे तयार ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे असते, म्हणून संध्याकाळचा वेळ औषधी वनस्पती गोळा करण्यात जातो. एकटीसाठी हेच काम मी आठवडाभरही केले नसते.

रात्री बॉसच्या शेवटच्या टप्प्यात ढाल घेऊन सगळ्यांच्या वतीने मार झेलणारा आमचा टँक, तो पोलंडचा आहे, मी गोळा केलेल्या फुलांच्या काढ्यावर तग धरतो, आणि बॉस पडल्यावर हेडफोनमध्ये पाच-सहा देशांतली माणसे एकदम ओरडतात. त्या क्षणी फुले वेचण्यात गेलेला वेळ मला वाया गेल्यासारखा कधीच वाटला नाही. ग्राइंडिंगचे मोल ते कोणासाठी केले आहे यावरही ठरते, असे मला मनापासून वाटते. त्याचबरोबर हेही खरे की गिल्डची निष्ठा हाच सर्वांत जड साखळदंड ठरू शकतो. उद्या सकाळी कामावर जायचे असतानाही चोवीस माणसांना तोंडघशी पाडणे जिवावर येते, आणि नवीन पॅचमध्ये, म्हणजे गेममधल्या नव्या बदलांत, आपण झिजून मिळवलेली तलवार एका आठवड्यात निरुपयोगी झाली की ते सगळ्यांनाच एकदम लागते.


तंबोरा

गाणे शिकणारी व्यक्ती म्हणून विचारते : हा रियाजच नाही का? तेच पलटे रोज घोटायचे, महिनोन्‌महिने काही घडल्यासारखे वाटत नाही आणि एक दिवस तान स्वच्छ निघते.


बाराचा_ठोका

तंबोरा, निम्मे साम्य नक्की आहे. रेडमधल्या एका बॉसवर आम्ही अनेक रात्री हरतो तेव्हा हात, कान आणि एकमेकांची समज तयार होते. तो रियाजच आहे; सामान काढून घेतले तरी ते कौशल्य उरते. फुले वेचण्यात मात्र माझा हात सुधारत नाही, फक्त पात्राचा आकडा वाढतो. सर्व्हर बंद झाला तर तो आकडा जाईल आणि तुमचा गळा तुमच्यापाशीच राहील. दोन्हींना एकच नाव दिले जाते, म्हणून वाद वाढतो असे वाटते.


एका_गेमरची_आई

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझा मुलगा दहावीला आहे आणि वर आलेला गेन्शिन मोबाईलवर खेळतो. तो दिवसा फार खेळत नाही, पण त्याच्या फोनवर रात्री एक वाजून वीस मिनिटांचा गजर लावलेला मला दिसला. विचारले तर म्हणतो, रोजची कामे संपवायची असतात. दुपारी का करत नाही, असे विचारल्यावर नीट उत्तर देत नाही. हे व्यसन समजायचे का? गेम बंद करायला सांगावे का?


त्रैराशिक

ताई, गजराचे कारण मी सांगू शकतो. त्या गेमचा नवा दिवस सर्व्हरच्या घड्याळाने पहाटे चारला सुरू होतो. आशियाचा सर्व्हर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडे रात्री दीड वाजता. दिवसा कामे राहून गेली असतील तर दीडच्या आत संपवली नाहीत की त्या दिवसाची चार कामे आणि त्यांची ६० रत्ने बुडतात. गजर त्यासाठी आहे. धागाकर्ते ज्याला कंपनीचे घड्याळ म्हणतात ते हेच.

व्यसनाबद्दल : जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात किती तास खेळतो यावर निदान होत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यांपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे, आणि हे साधारण बारा महिने दिसणे, असे त्याचे निकष आहेत. केवळ गजरावरून तसे म्हणता येणार नाही. झोप आणि अभ्यास यांवर परिणाम होत असेल, तर मात्र बोलायला हवे, आणि शंका राहिली तर डॉक्टरांशीही.


एका_गेमरची_आई

मनःपूर्वक आभार. म्हणजे तो चोरून काही भलते करत नव्हता, एवढे तरी समजले. सर्व्हर बदलून ही वेळ दिवसा आणता येईल का?


संत्रानगरीकर (धागाकर्ता)

ताई, तसे करू नका. त्या गेममध्ये प्रत्येक सर्व्हरवरची प्रगती वेगळी असते, दुसरीकडे गेला तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल आणि त्याला ते फार लागेल. सर्व्हर बदलण्याची गरजही नाही. दीडला नवा दिवस सुरू झाला की पुढच्या रात्री दीडपर्यंत पूर्ण चोवीस तास हाती असतात. रेझिनची टाकी २०० ची आहे आणि ती रिकामी असली तर भरायला २६ तास ४० मिनिटे लागतात, म्हणजे दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी खेळला तरी त्याचे काहीही वाया जात नाही. शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास त्यासाठी ठरवून द्या आणि हा हिशोब त्याच्यासमोर कागदावर मांडा. ग्राइंडिंग करणाऱ्या मुलाला आकडे लगेच पटतात.